खांदा निखळला, बोटही फुटली... आधी काय सांभाळू?

नर्मदेची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरची, वय २३, चार वर्षं महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत स्लॅलम करते, म्हणजे वेगवान पाण्यात टांगलेल्या काठ्यांच्या गेटमधून बोट न्यायची, प्रकार सी-१, म्हणजे गुडघ्यावर बसून एकाच पात्याचं वल्हं. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस करताना एका लाल गेटमधून धारेविरुद्ध वर चढत होते, धारेने बोट आडवी केली आणि काळ्या खडकावर नेऊन दाबली, मी तोल सावरायला उजवा हात मागे टाकून वल्हं पाण्यात रोवलं आणि त्याच क्षणी खांदा निखळला. आवाज मलाच आतून ऐकू आला. मुलांनी मला बाहेर काढलं, बोट मात्र दहा-पंधरा मिनिटं खडकाला चिकटून होती, दोर लावून ओढली तेव्हा सुटली.

खांदा दवाखान्यात बसवला, एक्स-रेत हाड मोडलेलं नाही. तीन आठवडे झोळीत हात आहे. आता सारखं नाही दुखत, पण रात्री कूस बदलली की जाग येते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला एका जागी बधिर वाटतं ते अजून आहे.

बोट सेकंड हॅंड घेतलेली, कार्बन-केवलारची, दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते. बसायच्या जागेच्या मागे तळाला वीतभर तडा आहे आणि नाक चेपलंय. अंगठ्याने दाबलं की कटकट वाजतं. ती घराच्या बोळात उभी केलीय, येता-जाता दिसते आणि खरं सांगायचं तर मी तिच्याकडे बघत नाही. आई म्हणते विकून टाक, बाबा काहीच बोलत नाहीत. मार्चमध्ये ट्रायल आहे. बोट दुरुस्त करायला टाकू का, की आधी खांद्याचं बघू, आणि मार्च जमेल का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

दोनदा_निखळलेली
अगं, मी आधी बधिरपणाचं बोलते, बाकी नंतर. खांदा निखळताना तिथून जाणारी एक नस ताणली जाते, दंडाच्या बाहेरच्या बाजूची जाणीव तीच देते. बहुतेकांची हळूहळू परत येते, पण डॉक्टरांना हे स्पष्ट सांग, नुसतं "बरं आहे" म्हणून येऊ नकोस. मी पहिल्या वेळी गप्प राहिले होते.

दुसरं म्हणजे वय. विशीत खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायची शक्यता खूप असते, कारण पुढच्या बाजूची कूर्चा आणि अस्तर फाटलेलं असतं आणि ते झोळीत राहून नेहमी नीट चिकटत नाही. म्हणून एमआरआय करून घे आणि फक्त हाडांच्या नाही, खांद्याच्या डॉक्टरांना दाखव. दुर्बिणीतून शिवायचं ठरलं तर पाण्यात परतायला साधारण सहा महिने धरून चाल. ऑपरेशन नको म्हणाले तरी तीन-चार महिने लागतातच. म्हणजे मार्च विसर. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय, कारण मी घाई केली होती, अडीच महिन्यांनी बसले आणि पहिल्याच ब्रेसला, म्हणजे वल्हं पाण्यात टेकवून तोल सावरताना, खांदा परत निखळला.

सध्या फिजिओ सांगेल तेवढंच. बोटं, मनगट, कोपर हलवत राहा, पाठीवरची खांद्याची पाती एकमेकांजवळ खेचायचा व्यायाम लवकर सुरू होतो, रबराचा पट्टा नंतर. परतायची कसोटी तारखेवर नसते. दोन्ही हातांची ताकद सारखी हवी, आणि बाजूला वर केलेला हात दुसऱ्याने मागे वळवला तरी पोटात भीतीचा गोळा यायला नको. तो गोळा येतोय तोवर शरीर नाही म्हणतंय.

सांवेर_रोड_फायबर
बेटा, मी नदीतला माणूस नाही, पण तीस वर्षं सांवेर रोडला फायबरच्या टाक्या आणि शीट केल्या म्हणून बोटीचं सांगतो. ती बोट मेलेली नाही, विकू नकोस.

पहिले नाण्याने टकटक करून बघ. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. बद्द आवाजाच्या कडेने स्केचपेनने रेघ मार, तडा दिसतो त्याच्यापेक्षा ती जागा नेहमी मोठी निघते. रेझिन इपॉक्सीच घ्यायचं, सियागंज बाजारात कुणी स्वस्तातलं पॉलिस्टर हातात देईल ते नको, जुन्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, महिन्याभराने पापुद्रा निघतो. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने कडा चारी बाजूंनी उतरती घासायची, असिटोनने पुसायची आणि मग हात लावायचा नाही, बोटांचं तेलसुद्धा पुरतं. कापड आधी लहान, त्यावर मोठं, त्यावर अजून मोठं, वरून पॉलिथिनची शीट टाकून हवा काढायची. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं, डब्यावर लिहिलंय तेवढंच, वजनकाट्यावर मोजून, "लवकर सुकेल" म्हणून जास्त टाकलं तर उलट कच्चं राहतं. आता थंडी आहे, रात्रीतून होणार नाही, दोन दिवस राहू दे, दुपारी उन्हाला तोंड करून ठेव.

आणि घासायचं काम तू करायचं नाहीस. कार्बनची धूळ घशात जाते आणि खांदा तर हलवायचाच नाही. भावाला मास्क लावून बसव, तू शेजारी स्टूल टाकून सांग.

डावा_वल्हेकरी
काकांच्या बोलण्यात एक भर. आत हवेच्या पिशव्या होत्या का? नसतील तर परत पाण्यात जाताना आधी त्या टाक, रिकामी बोट पाण्याने भरली की खडकावर अशीच दबते आणि तडकते. शिवाय सहस्रधारेत पाणी वर धरणातून सुटतं त्याप्रमाणे बदलतं, सकाळी पाहिलेली धार दुपारी तशी नसते, त्या दिवशी काय होतं ते डायरीत लिहून ठेव.

हात मागे टाकून ब्रेस ही माझीही सवय होती. कोचने महिनाभर शांत पाण्यात एकच करून घेतलं, वळायचं ते कमरेतून आणि दोन्ही हात छातीच्या समोरच ठेवायचे, वल्हं मागे न्यावंसं वाटलं तर अख्खं धड तिकडे फिरवायचं. आणि एक गोष्ट, गेट चुकला तर ५० सेकंद दंड, काठीला स्पर्श झाला तर फक्त २. त्या लाल गेटमध्ये तू काठी लागू नये म्हणून वाकलीस का? मी तसाच पडलो होतो.

नर्मदेची_पोर
हो दादा, काठीच चुकवत होते. तुम्ही लिहिलंय ते वाचून मी दोन वेळा थांबले.

ताई, काल डॉक्टरांना बधिरपणाचं सांगितलं, त्यांनी सुईने टोचून टोचून बघितलं, शुक्रवारी एमआरआय आहे. मार्चचं कोचना फोन करून सांगून टाकलं, रडले थोडी, पण सांगितलं. रंगपंचमीच्या गेरनंतरच (इंदूरची रंगांची मिरवणूक) पुढचं बोलू असं ते म्हणाले.

काका, संक्रांतीच्या दिवशी भावाने बोट बोळातून गच्चीवर नेली. मी डाव्या हाताने नाण्याने टकटक केलं, तो रेघ मारत गेला, तडा वीतभर आणि बद्द आवाजाची जागा जेवणाच्या ताटाएवढी निघाली. बाबा तिळगूळ घेऊन वर आले ते अर्धा तास तिथेच बसले आणि म्हणाले पॉलिशपेपर मी आणतो. आता अडचण अशी की कडा घासल्यावर आतला पांढरा फोम दिसतोय आणि दाबला की पाणी येतंय. तो कापून काढायचा का, की उन्हात सुकवला तर चालेल?

सांवेर_रोड_फायबर
दाबून पाणी येतंय तेवढा भाग कापून काढ, ओल्या फोमवर काही धरत नाही. कोरडी जागा लागेपर्यंतच काप. तसाच फोम मिळाला तर तेवढाच तुकडा बसव, नाही मिळाला तर मला फोटो टाक, रविवारी मी स्वतः येऊन बघतो. तोवर बोट सरळच ठेव, भोक खाली, सगळं निथळू दे.