गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि दिग्दर्शिका सई परांजपेंची आई, एवढीच शकुंतलाबाईंची ओळख उरलीय

हे वरचं म्हणणं अगदी पटलं. पण इथे कुणी 'कुंकू'चा विषयच काढला नाही? १९३७ चा प्रभातचा पिक्चर, त्यात म्हाताऱ्या वकिलाची समाजकार्य करणारी मुलगी म्हणजे याच शकुंतला परांजपे, आणि ती बापाची नाही तर नीराची, म्हणजे आपल्या तरुण सावत्र आईची बाजू घेते. बाई केंब्रिजला गणित शिकलेल्या, जिनिव्हात नोकरी केलेल्या, रशियन चित्रकाराशी लग्न आणि मग घटस्फोट, तेही त्या काळात! (पुण्यात काय कुजबुज झाली असेल.) पुढे र. धों. कर्व्यांसारखंच संततिनियमनाचं काम हाती घेतलं, तेव्हा कुटुंबनियोजनाचा सरकारी लाल त्रिकोण कुठेच नव्हता, लोक नाकं मुरडायचे. १९६४ ला राज्यसभेवर नेमणूक झाली, पद्मभूषण मात्र थेट १९९१ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना.