डॉलरचे रुपये करून मजुरी मोजता येते का?

इंदूरकर_रामबाग:
परवा पोह्यांच्या गाडीवर दोन मुलं हिशेब करत होती. अमेरिकेत किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर. आपल्याकडे दिवसभर राबून तेवढे मिळत नाहीत. मागे कांदा चिरणारा विशीतला पोरगा ऐकत होता. डोळ्यांतून पाणी, पण सुरी थांबत नव्हती. पहाटे चारला येतो, दुपारी दोनला सुटतो, रोज तीनशे.

मला हा डॉलरचा हिशेब पटत नाही. तिथलं घरभाडंही डॉलरमध्येच द्यावं लागतं. ताडून पाहायचंच तर आकडा किती वर्षं जागचा हलला नाही ते पाहा. अमेरिकेत 1938 मध्ये 25 सेंटपासून सुरुवात झाली. 1968 मध्ये 1.60 डॉलर, आजच्या भावाने ते चौदाच्या घरात जातात. जुलै 2009 मध्ये 7.25 झाले आणि तिथेच अडकले. आपल्याकडे केंद्राची तळाची मजुरी, म्हणजे देशभरासाठी सुचवलेला किमान दर, 1996 मध्ये दिवसाला 35 रुपये, 2009 मध्ये 100, 2017 मध्ये 176. पुढे कितीतरी वर्षं तीही जवळपास हललीच नाही. डाळ-तेल महाग होत जातं आणि मजुरी तिथेच, म्हणजे ती दरवर्षी कापलीच जाते. दोन्ही सरकारांनी गरिबाचं सारखंच नुकसान केलं.

सांवेररोड_युनिट:
काका, 176 चा आकडा सक्तीचा नव्हताच, राज्यांना दिलेला सल्ला होता. आपल्या मध्य प्रदेशात अकुशल कामगाराचा किमान दर महिना बारा हजारांच्या आसपास आहे, शिवाय एप्रिल-ऑक्टोबरला महागाई भत्ता बदलतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तशी सोयच नाही. माझ्याकडे चौदा माणसं आहेत. एप्रिल 2024 मध्ये दर एकदम चढले, आणि ऑर्डरचे भाव सहा महिने आधी ठरलेले. फरक घरातून भरला. वाढीला माझा विरोध नाही, धक्क्याला आहे.

इंदूरकर_रामबाग:
धक्का का बसला? पाच वर्षांच्या आत दर नव्याने ठरवा, असं किमान वेतनाचा 1948 चा कायदा सांगत होता. आपल्याकडे 2014 नंतर थेट 2024. तीही वाढ मे महिन्यात हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या स्थगितीत अडकली, डिसेंबरमध्ये सुटली. वेळच्या वेळी थोडी थोडी दिली असती, तर तुम्हालाही जड गेलं नसतं आणि कामगारही दहा वर्षं मागे राहिला नसता.

माळवा_ते_टेक्सास:
काका, मी नऊ वर्षं इथे टेक्सासात आहे. इथे राज्याचा दरही 7.25 च, पण आमच्या भागात दुकानांवरच्या पगाराच्या पाट्या तासाला तेरा-चौदा डॉलरच्या खाली दिसत नाहीत. तासावर काम करणाऱ्यांत 7.25 किंवा त्याहून कमी मिळवणारा शंभरात एखादा. म्हणून गोठलेल्या आकड्यावरून तुम्ही काढलेला अर्थ मला चुकीचा वाटतो. प्रश्न आहे तो ठरलेला पैसा हातात पडतो का, याचा. इथे बहुतेकांकडे पगाराची स्लिप असते, तक्रार करायला तोच आधार. तुमच्या त्या मुलाकडे हजेरीचा एक तरी कागद आहे का?

इंदूरकर_रामबाग:
ताई, तो शंभरातला एकही माणूसच आहे. आणि टिपवर जगणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचा केंद्रीय दर 1991 पासून 2.13 डॉलरवर आहे, तेही विसरू नका. पण कागदाचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. आज परत गेलो. हजेरी मालकाच्या वहीत, एक खाडा झाला की रोज कापला. राज्याच्या दराने दिवसाला साडेचारशेच्या वर मिळायला हवेत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दरांचा तक्ता त्याच्या मोबाइलवर पाठवला.

सांवेररोड_युनिट:
तक्ता दाखवून तो पैसे मागेल आणि मालक दुसरा पोरगा ठेवेल. तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभं राहणार?

इंदूरकर_रामबाग:
मी. उद्या सकाळी सहाला गाडीवर असेन. तुम्हीही या, मालकाशी कसं बोलायचं ते तुम्हाला जास्त कळतं.