दुपारी मोटर ट्रिप होते, वाइंडिंगचा रोध वाढलेला दिसतो. मोटर भरा (रिवाइंड करा) लागते का?

ओलितवाला_वरूड: विहिरीवर ५ एचपी थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र), संत्र्याला ओलित चालू. सकाळी बिनघोर चालते, दुपारी दोननंतर अर्ध्या तासात ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटर बंद करणारा) पडतो. सकाळी (हवा २८°) वाइंडिंगच्या टोकांच्या तिन्ही जोड्यांत २.४ ओहम, दुपारी बंद केल्याबरोबर ३.१. रिवाइंडिंगवाले म्हणतात, मोटर भरा.

तारमिस्त्री: भरू नका, भाऊ. तिन्ही जोड्या सारख्याच वाढल्या, म्हणजे तांबं तापलं. हिशेब असा: ३.१ भागिले २.४, गुणिले (२३४.५ + २८), त्यातून २३४.५ वजा. येतात १०५° (२३४.५ हा तांब्याचा ठरलेला आकडा). मीटरच्या पिना एकमेकींना लावून जे ०.२-०.३ ओहम दिसतात ते वजा केले का? नसतील तर खरे आकडे २.१ न् २.८, अन् तापमान थेट ११५°. तेही सरासरी; वाइंडिंगच्या आतला भाग आणखी गरम असते. मोटरच्या प्लेटवर इन्सुलेशनचा क्लास एफ (१५५° पर्यंत चालणारा) असेल तर चिंता नाही, बी (१३०°) असेल तर काठावर आहे. दोन-चार वेढ्यांचा शॉर्ट या मीटरवर दिसत नाही, त्यासाठी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर पाहा.

रिले_पाहा_आधी: स्टार्टरची पत्र्याची पेटी उन्हात आहे का? बायमेटल पट्टी करंटने तापून वाकते. पेटीच ६०° झाली तर साधा रिले कमी अँपिअरलाही पडते. अँपिअर प्लेटपेक्षा कमी असताना पडत असेल तर आधी पेटीवर सावली करा. जास्त असतील तर दोष रिलेचा नाही. रिलेची डायल वाढवू नका, त्यानंच मोटरी जळतात.

ओलितवाला_वरूड: प्लेटवर ७.५ अँपिअर, दुपारी तिन्ही फेजला ८.६. मोटरवर ३६० व्होल्ट. केबल २०० मीटर, ४ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम, उन्हात पडलेली. उन्हानं व्होल्टेज पडते का?

तारमिस्त्री: पडते, पण थोडंच. एका तारेचा रोध २०° ला साधारण १.४८ ओहम, ६०° ला १.७२. एवढ्या करंटवर घट १७-१८ व्होल्टची २०-२१ होते. उन्हाचा वाटा तीनच व्होल्ट. मूळ दुखणं बारीक केबल. १० चौरस मिमी टाकली तर उन्हातही घट आठ-नऊवर येते. बाकीची घट डीपीकडूनच (ट्रान्सफॉर्मर) येते, म्हणून सकाळचं न् दुपारचं व्होल्टेज स्टार्टरवर मोजून पाहा. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच पाणी फेकायला जास्त करंट ओढते. लग (तारेच्या टोकाचे जोड) कसून पाहा. अ‍ॅल्युमिनियम तापून-थंडावून ढिलं पडते, अन् मग जोडच तापते.

रिले_पाहा_आधी: मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) लावाल तर मोटर थंड झाल्यावर लावा. इन्सुलेशनचं उलटं असते: दर १०° ला त्याचा रोध साधारण निम्मा होते. गरम मोटरचा कमी आकडा पाहून ती भरायला टाकू नका.