ला रोतोंदाचे चार द्वारमंडप

इटलीतील विचेन्झा शहराजवळच्या ला रोतोंदा या हवेलीचे चार एकसारखे द्वारमंडप म्हणजे निव्वळ समरूपतेचा हट्ट होय, तिचे खांब संगमरवरी आहेत आणि ती एक शेतवाडी होती, असे एका चर्चेत म्हटले गेले. यांतले पहिले मत मला अर्धेच पटते. तिचा वास्तुकार आंद्रेआ पाल्लादिओ याने स्वतः १५७०च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात त्याचे कारण सांगितले आहे: टेकडीवरून चहूकडे रम्य देखावा दिसतो, म्हणून चारही अंगांना मंडप. शिवाय संपूर्ण इमारत मुख्य दिशांपासून सुमारे ४५ अंशांनी वळवलेली असल्यामुळे कोणतीही बाजू कायमची सावलीत राहत नाही.

चर्चेत ज्यांचा ‘संगमरवरी’ असा उल्लेख आला आहे, ते आयोनिक शैलीचे (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले) खांब, प्रत्येक मंडपाला सहा याप्रमाणे, प्रत्यक्षात विटांचे असून वरून गिलावा केलेला आहे. कोरीव दगड प्रामुख्याने तळखड्यांसाठी आणि खांबांच्या माथ्यांसाठी राखून ठेवला आहे. काटकसरीतून एवढा रुबाब साधणे ही पाल्लादिओची खरी हातोटी!

घुमटाविषयी मात्र थोडे सावध राहावे. ग्रंथातल्या आराखड्यात तो उंच, अर्धगोल आहे. १५८०मध्ये पाल्लादिओच्या निधनानंतर काम पुढे नेणाऱ्या विन्चेंझो स्कामोझ्झीने तो बराच बसका, पायऱ्यापायऱ्यांचा केला, आणि माझ्या मते त्यामुळे इमारत टेकडीवर अधिक घट्ट बसली.

राहता राहिला ‘शेतवाडी’चा मुद्दा. हवेली बांधवून घेणाऱ्या पाओलो आल्मेरिको या निवृत्त धर्माधिकाऱ्याला तिथे शेती नव्हे, तर निवांत वास्तव्य आणि पाहुणचार करायचा होता. म्हणूनच पाल्लादिओने ही वास्तू ग्रामीण हवेल्यांत नव्हे, तर नगरातील घरांत गणली. शेतीसाठीची लांबट इमारत पुढे हवेलीचे मालक झालेल्या काप्रा घराण्याच्या काळात स्कामोझ्झीने जोडली.