आगीला सरावलेली झाडं? कोणत्या आगीला, ते तरी सांगा

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं, ‘वणव्याने हळहळू नका, रानातली झाडं आगीला सरावलेली असतात, जळाली की उलट जोमाने येतात.’ रात्रभर तेच डोक्यात घोळलं.

झाडं नुसत्या ‘आगीला’ सरावत नाहीत हो. किती वर्षांनी येणारी, कोणत्या मोसमात, किती तापणारी, यावर सगळं असतं. अमेरिकेतल्या लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडाचे बियांचे पुष्कळ शंकू राळेने बंद असतात. आगीत राळ वितळते, शंकू उघडतात, बी राखेवर पडतं. १९८८ साली अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान जळालं तेव्हा असंच नवं रान उभं राहिलं. त्यातलाच काही भाग २०१६ मध्ये पुन्हा पेटला. झाडं जेमतेम २८ वर्षांची, बियांचा साठा तुटपुंजा. रोपं कितीतरी कमी आली.

कोंब: ते वाक्य माझं. तुम्ही फक्त बियांवर जगणारं झाड निवडलंत. निलगिरीच्या बऱ्याच जातींत बुंध्याशी, जमिनीत गाठ असते, तिच्यात झोपलेले कोंब. खोड कोळसा झालं तरी ती फुटते. एका जळालेल्या उतारावर मी आग विझल्याच्या दुसऱ्या सकाळी गेलो होतो. वर राख, पण बोटभर उकरलं तर माती ओलसर आणि मूळ पांढरं, रसरशीत. तीन आठवड्यांनी तिथेच लालसर फुटवे होते. डोळ्यांनी पाहिलंय, मला शिकवू नका.

सावलीवाला: निलगिरीचं कौतुक पुरे! ते झाड स्वतःच आग ओढवून घेतं. पानांत तेल, अंगावर सालीच्या लोंबत्या पट्ट्या. पेटती पट्टी वाऱ्याने लांब जाते आणि शेजारचं जळतं. शेजारी मारून स्वतः फुटायचं, हा डावच आहे त्याचा.

फळा-खडू: डाव? झाडाला डाव नसतो. वीस वर्षं वर्गात हेच वाक्य खोडत आलोय. तेल पानं खाणाऱ्या किड्यांनाही रोखतं. पेटणं हा त्याचा नुसता परिणाम असू शकतो. आगीवर जगणारी झाडं जास्त पेटाऊ असतात, ही कल्पना वणव्यांचे अभ्यासक रॉबर्ट मच यांनी १९७० मध्ये मांडली. वाद अजून चालू आहे.

सावलीवाला: म्हणजे मी म्हणतो ते अगदीच खोटं नाही ना? मग मास्तरकी कशाला?

फळा-खडू: कारण ‘जुळवून घेतलं’ म्हटलं की झाड विचार करतंय असं वाटतं. पातळ सालीची मेली, जाड सालीची उरली, तीच वाढली. इतकंच. धुरातलं कॅरिकिन हे रसायन २००४ मध्ये सापडलं, त्याने राखेखालची बियाणी रुजतात. पण धुराच्या पाण्याने लेट्यूसचं बीही रुजतं! ते काय वणव्यात वाढलंय? दिसेल त्या गुणावर ‘आगीसाठी’ असा शिक्का मारू नका.

सावलीवाला: लेट्यूसचं ठाऊक नव्हतं. ‘डाव’ शब्द मागे. निलगिरीवरचा राग मात्र मागे घेत नाही.

रानवाट: मूळ मुद्द्यावर या. कॅलिफोर्नियातल्या जायंट सेकोइया या महाकाय झाडाची साल दोन फुटांपर्यंत जाड होते. तरी २०२० च्या एका वणव्यात जगातल्या मोठ्या सेकोइयांपैकी अंदाजे १० ते १४ टक्के मेले.

कोंब: का मेले तेही सांगा ना! शंभर वर्षं प्रत्येक ठिणगी विझवली, खाली काटक्या-कचरा आणि दाट झाडोरा साचला. छोट्या आगी येऊ दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

रानवाट: हे बरोबर आहे. उन्हाची तीव्रता आणि दुष्काळही होता, पण साचलेलं जळण हे मोठं कारण, मान्य. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या त्या उतारावर नंतर किती वेळा आग लागली?

कोंब: चार वर्षांत तीनदा.

रानवाट: फुटवा येतो तो मुळातल्या साठ्यावर. दरवर्षी जाळलं तर तो भरायचा कधी? फुटवे आहेत का अजून?

कोंब: गेल्या महिन्यात गेलो होतो. उकरूनही पाहिलं. बहुतेक गाठी वाळलेल्या, हाताने मोडत होत्या. वर फक्त गवत. ‘जोमाने येतात’ एवढं खोडतो.