‘रजिस्टर्ड क्रिमिनॉलॉजिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फिलिपिन्समधल्या प्रमाणपत्राचं भाषांतर करायचं आहे. ‘न्यायवैद्यक तज्ज्ञ’ चालेल का?

उत्तर १ : नाही चालणार. ‘नोंदणीकृत अपराधशास्त्रज्ञ’ लिहा, आणि ‘नोंदणीकृत’ अजिबात गाळू नका. कायद्याचं सगळं वजन त्या शब्दावर आहे. तिथे १९७२ च्या प्रजासत्ताक कायदा क्र. ६५०६ ने हा व्यवसाय परवान्याखाली आणला. तो रद्द करून २०१८ मध्ये क्र. १११३१ आला. आधी अपराधशास्त्राची पदवी, मग परवाना परीक्षा : सरासरी ७५ टक्के हवेत आणि एकाही विषयात ६० च्या खाली जाऊन चालत नाही. पुढे शपथ, मग नोंदणी. म्हणून ‘परीक्षा उत्तीर्ण’ आणि ‘नोंदणीकृत’ हे एकमेकांऐवजी वापरू नयेत.

आणखी एक जागा नेहमी चुकते. नोंदणी प्रमाणपत्र आणि व्यावसायिक ओळखपत्र वेगळे असतात. ओळखपत्राचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण होतं. प्रमाणपत्र मात्र निलंबित किंवा रद्द होईपर्यंत टिकतं. ओळखपत्राची मुदत संपली असताना ‘नोंदणी रद्द’ असं भाषांतर केलं, तर त्या माणसावर धडधडीत अन्याय होतो.

प्रश्न : मग आपल्याकडे कुणाला ‘नोंदणीकृत’ म्हणता येईल?

उत्तर २ : अपराधशास्त्रज्ञाला नाही. डॉक्टर-वकिलांसारखी त्यांची वैधानिक परिषद भारतात नाही, त्यामुळे इथे ‘अपराधशास्त्रज्ञ’ हा शब्द शिक्षण किंवा अभ्यासक्षेत्र सांगतो, परवाना नव्हे. कोर्टात कामाचा शब्द ‘तज्ज्ञ’. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये परकीय कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे यांच्या जोडीला ‘अन्य कोणतंही क्षेत्र’ आलं आहे. अपराधशास्त्रज्ञाचं मत तिथून विचारात येऊ शकतं, पण त्याचं ज्ञान आधी कोर्टाला पटवावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३२९ मधली यादी निराळी : त्यातल्या सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वापरता येतो. रासायनिक विश्लेषकाबरोबर मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही तिच्यात आहेत.

उत्तर १ : पहिल्या प्रश्नाबद्दल आणखी थोडं. ‘न्यायवैद्यक’ शवविच्छेदन, जखमा, विषबाधा अशा वैद्यकीय बाबींपुरताच ठेवावा. रक्ताचे डाग, काडतुसं, दस्तऐवज तपासतं ते ‘न्यायसहायक विज्ञान’. महाराष्ट्रातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या नावातही ‘न्यायसहायक’च आहे. अपराधशास्त्र माणूस गुन्ह्याकडे का वळतो, शिक्षेचा परिणाम काय होतो, हे अभ्यासतं. फिलिपिन्सच्या परवाना परीक्षेत मात्र न्यायसहायक विज्ञान आणि गुन्हे तपास हे विषयही येतात, म्हणून तिथल्या पदनामाचा अर्थ आपल्यापेक्षा रुंद आहे. भाषांतरात एका ओळीची टीप द्याच.