कॅम्पिंगला कुत्रा न्यायचा तर : अनुभव सांगा

गवतीचहा
काल ऑफिसच्या ग्रुपवर एकाने विचारलं, पवना तलावाला टेंटवर आमच्या बडीला आणलं तर चालेल ना, आणि खाली धडाधड अंगठे आणि बदाम. तो अनोळखी माणसांत कसा वागतो, रात्री भुंकतो का, सोबत लहान मुलं कोणाची आहेत, काही म्हणजे काही कोणी विचारलं नाही. मला एकदम आमची चिंगी आठवली. गावठी, पिवळट, एक कान पडलेला. आता नाहीये ती. भंडारदऱ्याला तलावाच्या काठावर टेंटमध्ये राहायचो तेव्हा तिला न्यायचो. काजवे बघायला झाडांत जाताना मात्र तिला कधीच नेलं नाही, आळीपाळीने एक जण तिच्याजवळ थांबायचा. एकदा शेजारच्या टेंटमध्ये एक छोटी मुलगी होती, चिंगीला बघून तिने आईच्या ओढणीचा पदरच तोंडावर घेतला. तिचे बाबा अगदी संकोचत आले, म्हणाले रात्री बांधून ठेवाल का. माझ्या बाबांनी बांधलं तर होतंच, पण सगळा टेंट उपटला आणि पार टोकाला बांबूच्या बेटाजवळ नेऊन लावला. सकाळी ती मुलगी स्वतःहून आली, लांबूनच बघत बसली, मग चिंगीच्या पाठीला एक बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. टेंट हलवला नसता तर ते बोट काही लागलं नसतं असं मला अजून वाटतं.
तर कुत्रा नेणारे, न नेणारे, घाबरणारे, कॅम्प चालवणारे, सगळ्यांनी लिहा. चांगलं वाईट दोन्ही.

मऊभात
मी घाबरणाऱ्यांतली. लहानपणी चावलाय, इंजेक्शनं घेतलीयत, त्यामुळे आतून जातच नाही ती भीती. पवनेलाच एका टेंट साइटवर संध्याकाळी टेंटची चेन उघडी ठेवून बसले होते आणि एक भलामोठा लॅब्रॅडॉर सरळ आत. मी किंचाळले. मालक लांबून हसत ओरडतोय, "काही करत नाही हो तो!" अहो पण मला कसं कळणार तो काही करत नाही ते? त्याला आधी हाक मारा, धरा, मग बोला. त्या रात्री बाथरूमला जायला नवऱ्याला उठवत होते दर वेळी. चिंगीच्या बाबांना माझा नमस्कार सांग.

गवतीचहा
@मऊभात सांगते नक्की. बरं वाटेल त्यांना.

अबोली
माझ्या मुलाचं उलटं आहे, तो दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात पडायला धावतो. तेव्हा आम्हा आईबापांनाही सांगा हो कोणीतरी, की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, जेवताना तर नाहीच नाही. कुत्रा बिचारा नवीन जागी आधीच बावरलेला असतो.

पवनाकाठ
आम्ही पवनेलाच आमच्या शेतात सीझनला तंबू लावतो. कुत्र्यांना ना नाही आमची. पण फोन करतानाच सांगत जा. लोकं सांगत नाहीत, शनिवारी गाडीतून उतरतंय कुत्रं, मग मी काय करणार, तंबू सगळे भरलेले. आधी कळलं तर बांधाकडचा कोपऱ्यातला देतो, तिकडं झाड आहे, सावली आहे, बाकीच्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत नाही. मागच्या हिवाळ्यात एकांचा हस्की सुटला तो थेट चुलतीच्या खुराड्यात. खुडूक कोंबडी अंड्यावर बसलेली, ती गेली. त्या साहेबांनी लगेच पैसे दिले, माणूस चांगला होता, खोटं का बोलू. पण चुलती म्हणते पैसे अंड्यावर बसतात का.
दुसरं म्हणजे आमच्या वाडीची कुत्री. त्यांची हद्द आहे ती. तुमचं सुटं फिरलं की चार-पाच जणं मिळून घेरतात, मग भांडण सोडवायला मध्ये माणसानं हात घातला की माणसाला चावतं. आणि सकाळी म्हशी पाण्यावर जातात त्या वेळेला तर दोरी हातातच पाहिजे, म्हैस बिथरली तर तंबूचं काय खरं नाही. आणि शी उचला राव. वेगळ्या पिशवीत बांधून घेऊन जा. आम्ही त्याच गवतात अनवाणी फिरतो.

बंड्या_दादर
पवनाकाठ, नंबर विपू (खासगी मेसेज) करा प्लीज, चुलतीचं पिठलं मिळतं का तिथे?

पवनाकाठ
पिठलं भाकरी ठेचा मिळतं. विपू केलाय.

सह्याद्रीवेडा
भंडारदऱ्याचा विषय निघालाय म्हणून. घाटघर, रतनवाडी, साम्रद, सांदण दरी हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचा नसतो, चेकनाक्यावर अडवलं तर वाद घालू नका, त्यांचं काम करतायत ते. आपल्याकडे "आमचा स्वच्छ आहे, घरातला आहे" म्हणतात पण प्रश्न रोगाचा आहे. 2018 मध्ये गीरमध्ये वीसपेक्षा जास्त सिंह मेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. 1994 ला सेरेंगेटीत त्याच रोगाने जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले. कुत्र्यांचा रोग हा. आपला कुत्रा कदाचित काहीच पसरवणार नाही, पण जंगलाला ती शंकासुद्धा परवडत नाही. काजव्यांच्या वेळी तर (मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा) ते झुडपांत, गवतात असतात, त्यांच्या अळ्या जमिनीवर, तिथे माणसांनीच वाट सोडू नये तर कुत्रा मोकळा सोडणं लांबच राहिलं. गवतीचहाच्या घरच्यांनी केलं ते अगदी बरोबर.

निमा
पण गडावरची कुत्री? हरिश्चंद्रगडावर एक पांढरी कुत्री आमच्याबरोबर पाचनईपासून वरपर्यंत आली, कोकणकड्यावर माझ्या शेजारी बसली, परत खाली सोडायला आली. इतकं शहाणं जनावर मी पाहिलं नाही. तिला बिस्किटं नको द्यायला हे नंतर कळलं. आता मी घरून भाकरी नेते त्यांच्यासाठी.

सह्याद्रीवेडा
ती तिथलीच ना, गावाची. त्यांचं लसीकरण आणि नसबंदी व्हायला हवी हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढ.

जुन्नरी
आमच्या भागात येणाऱ्यांना हात जोडून विनंती. ओतूर, जुन्नर, अकोले, माळशेज, कुठेही टेंट लावलात तर रात्री कुत्रा बाहेर खुंटीला बांधू नका. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. अकोले तालुक्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झालाय, त्यात सगळ्यात वरती कुत्रीच निघाली, शेळ्यासुद्धा त्यांच्या खाली. आमच्या मळ्यातला राजा असाच गेला. पडवीत होता, साखळी तेवढी राहिली. आई अजून संध्याकाळी पडवीचा लाइट लावताना त्याचं नाव काढते. आत घ्या, टेंटमध्ये घ्या, नाही तर गाडीत, काच थोडी खाली ठेवून. बाहेर नको.

अबोली
अरेरे. वाचून पोटात गोळा आला.

मऊभात
@जुन्नरी वाईट वाटलं हो. मी घाबरते पण असं कुठल्याच मुक्या जीवाचं होऊ नये.

बे_एरियाकर
कॅलिफोर्नियातून लिहितेय. आमच्या मंडळाची उन्हाळ्यात कॅम्पिंग ट्रिप असते, वीसेक टेंट, सकाळी मिसळ, रात्री अंताक्षरी, आणि आता प्रत्येक दुसऱ्या घरात कुत्रा. इथे नियम स्पष्ट आहेत त्यामुळे भांडणं कमी. नॅशनल पार्कात पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये कुत्रा चालतो पण बहुतेक ट्रेलवर नाही, हे लोकांना तिथे पोचल्यावर कळतं आणि मग पंचाईत. कारण कुत्र्याला कॅम्पवर एकटा सोडून जायलाही परवानगी नसते. म्हणजे घरातलं कोणीतरी मागे राहणार. आम्ही गेल्या वर्षी योसेमिटीला पाळ्या लावल्या, मी आणि सासूबाई सकाळी कॅम्पवर, बाकीचे धबधब्याला, दुपारी उलटं. सासूबाईंना कुत्र्याचं फार नाही, पण त्या म्हणाल्या लहान मूल असताना नाही का आपण पाळ्या लावायचो, तसंच आहे हे.
आणि अस्वलं! आपण खाण्याचे डबे लोखंडी पेटीत ठेवतो पण कुत्र्याचं खाणं गाडीत राहतं. ते पण पेटीत. वाडगा पण. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, त्यात भुंकणं पण आलं.
कुत्र्यांसाठी आणि त्यांच्या मालकांसाठी बार्क रेंजर म्हणून एक कार्यक्रम असतो, बऱ्याच पार्कांत. शी उचलायची, पट्टा लावायचा, वन्य प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, कुठे जाता येतं ते माहीत करून घ्यायचं, एवढी चारच कलमं. आमच्या मोचीच्या गळ्यात त्याचा बिल्ला आहे आणि माझ्या मुलीला तिच्या शाळेच्या बक्षिसापेक्षा त्याचा अभिमान जास्त.

बंड्या_दादर
मोची नाव भारी आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव तात्या. त्यांच्या घरी खरे तात्या आले की फार गोंधळ.

निमा
😂😂 आमच्याकडे एक बाबुराव होता.

लीड्सकर
इंग्लंडमध्ये मेंढ्या. बास, एका शब्दात सगळं आलं. 1 मार्च ते 31 जुलै मोकळ्या माळांवर पट्टा दोन मीटरपेक्षा जास्त लांब चालत नाही, कारण जमिनीवर घरटी करणारे पक्षी. आणि गुराढोरांजवळ तर बारा महिने तोच नियम. मेंढ्यांमागे कुत्रा नुसता पळाला, चावला नाही तरी गाभण मेंढी गाभ टाकू शकते. शेतकरी फार शांतपणे सांगतात पण डोळ्यात दिसतं. आम्ही यॉर्कशर डेल्सच्या डोंगराळ भागात ज्यांच्या शेतात टेंट लावतो त्या आजी पहिल्या दिवशी कुत्र्याला बिस्किट देतात आणि मालकाला फाटक कसं लावायचं ते दाखवतात.

डॉ_शेपूट
पशुवैद्य आहे, क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधे टाइप करतोय, चुका पोटात घाला. सोमवारी सकाळी माझ्याकडे वीकेंडवाल्यांची रांग असते म्हणून कळकळीने लिहितो. पिल्लाचं लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय कॅम्पला नेऊ नका, पार्व्होचा (पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या होतात तो) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि तुम्ही उचलली नाही ती शी दुसऱ्याच्या पिल्लाच्या जिवावर येते. लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो तो, पावसाळ्यात कोकणात जास्त, माणसालाही होतो, त्यामुळे डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, घरून पाणी न्या. रेबीजची लस दर वर्षी, आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये. शेजारच्या टेंटमधल्या माणसाने विचारलं तर राग न मानता दाखवा, विचारायचा हक्क आहे त्याचा. गोचिडांचं औषध निघायच्या आधी द्यायचं असतं, आल्यावर नाही. परत आलात की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटं फिरवून बघा, मुगाएवढं काहीतरी लागतं. बार्बेक्यूची हाडं देऊ नका, शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. कांदा लसूण मनुका चॉकलेट नाही. आता जातो, एक बोका ओरडतोय.

अबोली
डॉक्टर, बोक्यावरून आठवलं, मांजर नेतात का हो कोणी कॅम्पला? आमची तर गेटबाहेर नेलं तरी रडते.

डॉ_शेपूट
नका नेऊ. घरीच ठेवा, शेजाऱ्यांकडे किल्ली द्या.

केळशीकर
किनाऱ्यावर टेंट लावणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आता समुद्रकाठीही सुरू झालंय. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर इकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी उकरणारे मुख्य दोघं, कोल्हा आणि कुत्रा. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि वेळासच्या गावकऱ्यांनी अंडी गोळा करून कुंपण घातलेल्या हॅचरीत ठेवायला सुरुवात केली, म्हणून आज फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात जाताना तुम्ही बघता. त्या गर्दीत एक बीगल आणला होता कोणीतरी. बांधलेला होता, हे मान्य, पण वाळूचा वास घेऊन असा ओढत होता की मालकीणबाई फरफटत चालल्या होत्या, आणि इकडे दोरीपलीकडे बोटाएवढी पिल्लं. आमच्या कासवमित्राने शांतपणे सांगितलं, ताई, यांना रस्त्यावर घेऊन थांबा, मी तुम्हाला व्हिडिओ काढून देतो. थांबल्या त्या. व्हिडिओपण मिळाला त्यांना. असं नीट बोललं की लोक ऐकतात हा माझा अनुभव आहे.

निमा
बोटाएवढी पिल्लं 🥹

गवतीचहा
किती छान लिहिताय सगळे, भाजी चिरता चिरता वाचतेय. पवनाकाठ, तुमचं "फोन करतानाच सांगा" मी ऑफिसच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकते. मऊभात, तुझं वाचून वाटलं की आपण कुत्रावाले "तो काही करत नाही" म्हणतो ते आपल्याला धीर द्यायला म्हणतो, समोरच्याला नाही.

माथेरानची_माकडं
माथेरानचे घोडे राहिले. दस्तुरी नाक्यापासून पुढे गाड्या बंद, बरीचशी ये-जा घोड्यांवरून आणि पायी. कुत्रा घोड्यावर भुंकला आणि घोडा बुजला तर वर बसलेलं पोर पडतं. घोडा येताना दिसला की कडेला व्हायचं, कुत्र्याला आपल्या आणि डोंगराच्या मध्ये घ्यायचं आणि खाली बसवायचं. आमचा घोडेवाला म्हणतो, कुत्रं बसलं की घोडं निवांत. आणि टेंटवाल्यांनो, त्या मोठ्या स्पीकरबद्दलही धागा काढा कोणीतरी, कुत्रे परवडले.

सह्याद्रीवेडा
स्पीकरला +100. शेकोटीजवळ फटाके वाजवणाऱ्यांनाही. पट्टा तोडून पळालेला कुत्रा रात्रभर शोधताना मी लोकांना रडताना पाहिलंय.

रेवती_ठाणे
सगळं वाचलं नाही, घाईत आहे. आमचा ब्रूनो घाटात उलट्या करतो हो, काय करू? माळशेजला जायचंय.

डॉ_शेपूट
निघायच्या चार-पाच तास आधीपासून खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं. दर तासाला थांबा. तरी झाली तर गोळी असते, पण वजनावर असते, तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि वरचं जुन्नरींचं वाचा आधी, माळशेजलाच जाताय.

रेवती_ठाणे
वाचलं. बाप रे. आम्ही होमस्टे बघतो मग. की सरळ कोकणात जावं? वेळासला जायला ती वेसवी-बागमांडल्याची फेरी लागते ना, त्यात कुत्रा घेतात का?

केळशीकर
गाडीसकट चढता येतं फेरीवर, कुत्रा गाडीतच बसवा, काच अर्धी उघडी. पण वेळासला कासवांच्या दिवसांत नका आणू, ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी विचारा. दिवाळीनंतर लगेच या, थंडी छान असते आणि गर्दी नसते.

बंड्या_दादर
केळशीकर, तिकडे जेवायला कुठे?